दूध तुटलेल्या पिलांची हगवण आणि आंबवलेली पेंड

डुकरीण व्याली, आठ-दहा पिले जगली, दीड-दोन महिने अंगणात बागडली, आणि आईपासून तोडल्यावर आठवड्याच्या आत पातळ हगवण लागून तीन-चार दगावली. असे नुकसान पुष्कळ घरांत झालेले आम्ही पाहिले आहे. पिलांच्या पैशांवर मुलांची फी आणि पावसाळ्यापूर्वीची कौलदुरुस्ती ठरलेली असते. ‘दृष्ट लागली’ असे म्हणून आपण गप्प बसतो. पण कारण बहुधा पिलाच्या पोटातच असते. ते आज समजून घेऊ.

आईचे दूध पिताना पिलाच्या जठरात दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होते. त्या आंबटपणामुळे घातक जंतू दबलेले राहतात. लहान पिलाचे जठर स्वतःचे आम्ल थोडेच तयार करते. दूध एकाएकी बंद झाले की हा आंबटपणा कमी होतो. प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिन या पाचकरसाला तर आंबटपणाच लागतो. त्यातच पिलू एक-दोन दिवस खात नाही, आणि आतड्यातील अन्नरस शोषणारे बारीक अंकुर आखूड होतात. अशा नाजूक पोटात जड पेंड गेली की ती अर्धवट पचून मोठ्या आतड्यात उतरते, तेथे कुजते आणि इ. कोलाय जातीच्या जंतूंना आयते अन्न मिळते. मग हगवण लागते.

सोयाबीनची पेंड वाईट नव्हे. तिच्यात 44 ते 48 टक्के प्रथिने असतात. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये पाचकरसाला अडवणारे द्रव्य असते, म्हणून कच्चे सोयाबीन पिलाला कधीही घालू नये. कारखान्यातील पेंड भाजलेली असल्याने हा दोष बराचसा गेलेला असतो. तरी वायू धरणाऱ्या काही साखरा आणि पिलाच्या आतड्याला न सोसणारी काही प्रथिने उष्णतेनेही पुरती जात नाहीत. शिवाय धान्य व पेंडीतील बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. तो डुकराला नीट वापरता येत नाही.

येथे आंबवण्याचा उपयोग होतो. इडलीचे किंवा सान्नांचे पीठ आंबले की हलके होते, हे आपल्या घरातील बायकांना सांगायला नको. शुभवर्तमानातील खमिराच्या दृष्टांतातही थोडेसे खमीर सगळे पीठ पालटते. पेंडीतील सूक्ष्म जीव त्या साखरा खातात, मोठी प्रथिने फोडून लहान करतात, अडकलेला फॉस्फरस काही अंशी मोकळा करतात आणि आम्ल तयार करतात. पचनाचे थोडे काम पिलाच्या तोंडी जाण्यापूर्वीच उरकते.

युरोपात 2006 साली आणि चीनमध्ये 2020 साली वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे बंद झाले. तेव्हापासून अशा खाद्याकडे अधिक लक्ष गेले. आपल्याकडेही 2019 साली कोलिस्टिन या औषधाला पशुपालनात बंदी झाली.

घरी करण्याची रीत अशी:

1. कारखान्यातील स्वच्छ, बुरशी नसलेली सोयापेंड 1 किलो घ्यावी. उकळून कोमट केलेले पाणी सुमारे 1 लिटर, थोडा गूळ आणि एक वाटी ताजे, मीठ न घातलेले ताक तिच्यात मिसळावे.

2. प्लास्टिकच्या डब्यात दाबून भरावे व झाकण घट्ट लावावे. तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये.

3. उन्हाळ्यात दोन दिवस, थंडीत तीन दिवस ठेवावे. ताकासारखा आंबट वास यावा. कुजका वास आला किंवा काळी-निळी बुरशी दिसली तर सगळे फेकून द्यावे.

4. पिले दोन आठवड्यांची झाली की आईजवळ असतानाच खुराकाची सवय लावावी. 1 किलो खुराकात आधी 50 ग्रॅम आणि आठवड्याने 100 ग्रॅम आंबवलेली पेंड मिसळावी. एकूण खुराकात प्रथिने सुमारे 20 टक्के असावीत.

5. लायसिन, जीवनसत्त्वे व खनिज मिश्रण आंबवल्यानंतर, खायला देताना मिसळावे. आधी घातलेले लायसिन जंतूच खाऊन टाकतात.

6. डबा उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावा. पिलांपुढे स्वच्छ पाणी सदैव असावे.

खरे तेच सांगितले पाहिजे. कारखान्यात निवडक बुरशी व जंतू वापरून केलेल्या पेंडीत प्रथिने जितकी फुटतात, तितकी घरच्या ताकाने फुटत नाहीत. आपल्याला मुख्यतः आंबटपणाचा लाभ होतो. आंबवल्याने बुरशीचे विष जात नाही, म्हणून बुरसट शेंगदाणा पेंड आंबवून घालू नये. हॉटेलचे उष्टेही आंबवून निर्धोक होत नाही. 2020 साली आसाम व अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फिव्हर आढळला. तो अशा उष्ट्यातील डुकराच्या मांसातून पसरू शकतो. त्यावर औषध नाही.

हगवण लागलीच तर पिलू कोरड्या, उबदार जागी ठेवावे, साखर-मिठाचे पाणी पाजावे आणि पशुवैद्यास त्याच दिवशी बोलवावे. मनाने औषध देऊ नये.

मुक्या जिवाचे पोट कळले, तर आपल्या घरचेही पोट भरते. पुढच्या वेताला एवढे करून पाहावे.