विंचवाचे विष आणि आपले हृदय

विंचू हा निशाचर प्राणी आहे. त्याला आठ पाय व पुढे दोन चिमटे असतात. शेपटीच्या टोकाला विषारी नांगी असते. दिवसा तो दगडाखाली, लाकूडफाट्यात, पेंढ्यात नाहीतर कुडाच्या भिंतीत लपतो. आपण 'विंचू चावला' म्हणतो, पण तो चावत नाही, नांगी मारतो. मोठी काळी इंगळी भयंकर दिसते, तरी लहान तांबडा विंचू जास्त घातक असतो.

मागच्या भातकापणीत माझ्या आजीला पेंढा उचलताना विंचवाने नांगी मारली. आजी रात्रभर कण्हत होती. मला वाटलं, खूप विष चढलं. पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नुसता ठणका आहे. घाम नाही, ओकारी नाही, हातपाय गरम आहेत. ज्याला ठणका कमी आणि घाम जास्त, त्याची भीती अधिक."

असे का होते? धावून आल्यावर आपली छाती धडधडते, धाप लागते. हे आपण ठरवून करत नाही. मज्जातंतू आपोआप निरोप पोचवतात. मिठात असते ते सोडियम आत घेणारी बारीक दारे मज्जातंतूंना असतात. विषामुळे ती दारे नीट मिटत नाहीत आणि निरोप थांबत नाहीत. मग दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. रोगी धापा टाकतो, तोंडाला तांबूस फेस येतो. लहान मुलांना हा धोका जास्त.

रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या अशा रोग्यांचा अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापून आले. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी १०० त २५-३० दगावत, ते प्रमाण ३ च्या खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही मिळते. गोळी मात्र डॉक्टरांनीच द्यायची. ती घेतल्यावर एकदम उठू नये, चक्कर येते.

पालकहो, एवढे लक्षात ठेवा :
१) घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका.
२) अंगठी, बांगड्या, कडे लगेच काढा.
३) पोराला घाम, ओकारी, गार हातपाय दिसले तर एक क्षणही थांबू नका. १०८ ला फोन करा, जवळचा दवाखाना गाठा.
४) भगताकडे जायचंच असेल तर नंतर जा, आधी दवाखाना.

आणि मित्रांनो, रात्री बॅटरी घ्या, अंथरूण झटका, चप्पल उलटी करून मगच पाय घाला. विंचू आपल्याला शोधत येत नाही. आपलाच हात नकळत त्याच्यावर पडतो.