द्राक्षबागेस पाणी: केव्हां व किती

महसूल खात्याच्या नोकरींत पाटाच्या पाण्याची आकारणी पिकाच्या क्षेत्रावर होतांना आम्हीं पाहिली. एकरीं दर एकदां ठरला कीं थोडें घेणारा व पुष्कळ घेणारा सारखेच. मग पाळी येतांच बाग तुडुंब भरून घ्यावयाची, ही संवय जडली. आमच्या बागेंतहि तेंच झालें. मण्यांत पाणी उतरल्यावर पंधरा दिवस जमीन कोरडी राहिली. पाळी येतांच आम्हीं रात्रभर पाणी सोडलें. थोडक्याच दिवसांत मण्यांस तडे गेले व माल हातचा गेला.

याउलट उदाहरण जवळच आहे. वाघाड धरणाच्या पाण्यावरील ओझर येथील शेतकऱ्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत पाणीवापर संस्था चालविल्या. तेथें संस्थेस पाणी मोजून मिळूं लागलें. मोजून घेतलेलें पाणी कोणी वाया दवडीत नाहीं.

आतां वेलीची गरज पाहूं. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर पहिला महिना फुटी वाढतात. तेव्हां पाणी भरपूर द्यावें. दुसऱ्या महिन्यांत काडीच्या डोळ्यांत घड तयार होतो. त्या वेळीं पाणी पूर्वीच्या सुमारें एक तृतीयांशावर आणावें. जास्त दिल्यास फुटी माजतात, डोळ्यांवर सावली पडते व पुढें घड कमी निघतात.

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फूट वाढेपर्यंत भरपूर, फुलोऱ्यांत बेतानें, व मणी धरल्यावर पुन्हां भरपूर पाणी द्यावें. मण्याचा आकार तेव्हांच ठरतो. पाणी उतरल्यावर तें रोज एकसारखें असावें. आधीं ताण व मग पूर, हेंच तड्यांचें कारण होय.

मोजणी सोपी आहे. ९ फूट व ५ फूट अंतरावर एकरीं ९६८ वेली बसतात. प्रत्येक वेलीस तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर असल्यास एका तासांत ७,७४४ लिटर पाणी जातें. ड्रिपरखालीं भांडें ठेवून पंधरा मिनिटांत एक लिटर भरतें कीं नाहीं, हें पाहावें. कमी भरल्यास ड्रिपर तुंबला असें समजावें. वेलीच्या बुडाशीं उसाचें पाचट पसरल्यास ओल टिकते.

बागाईतदार बंधूंनीं छाटणीची तारीख व पाण्याचे तास यांची वही ठेवावी. आम्हीं जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या वह्या लिहिल्या. स्वतःच्या बागेची वही मात्र नुकसान सोसल्यावर उघडली. वाचकांनीं ती आधींच उघडावी, इतकीच विनंती.