चारापिकांतलं करिअर: पालकांच्या प्रश्नाला सरळ उत्तर

"कृषीला जाऊन गवताचा अभ्यास? त्यात नोकरी कुठली?" पालकांची ही काळजी खरी आहे. पण दुधाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा चारा-पशुखाद्याचा असतो, हे गोठा सांभाळणारं कोणतंही घर सांगेल. गरज एवढी मोठी असूनही या विषयाकडे वळणारी मुलं थोडी आहेत.

काम दोन प्रकारचं. पहिलं, बियाणं जपण्याचं. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कुरणांचा आधार असलेलं 'टाउन्सविल स्टायलो' हे द्विदल चारापीक 1970च्या दशकात बुरशीजन्य रोगानं उद्ध्वस्त झालं. स्टायलोच्या इतर प्रजातींचं बियाणं संशोधकांनी आधीच दक्षिण अमेरिकेतून जमवलं होतं, म्हणून 'सेका'सारखा रोगाला तोंड देणारा वाण पुढे आणता आला. अशा संग्रहांसाठी आज आदिस अबाबा, कोलंबियातलं पाल्मिरा इथे मोठ्या जनुकपेढ्या आहेत. आपल्याकडे झाशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था 1962पासून काम करते आहे.

दुसरं काम नवे वाण घडवण्याचं, आणि ते चिकाटीचं आहे. गिनी किंवा अंजन गवताच्या बियांत गर्भ बहुधा फलनाशिवायच तयार होतो. रोप हुबेहूब आईसारखं निघतं. त्यामुळे संकर करायला लैंगिक प्रजनन करणारं दुर्मीळ झाड शोधावं लागतं. बाजरी आणि नेपिअरचा संकर तर वांझ असतो, म्हणून शेतकरी त्याच्या दोन डोळ्यांच्या कांड्या लावतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले जयवंत' याच वर्गातला.

वाट अशी: बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी, चार वर्षांची बी.एस्सी. (कृषी). मग आनुवंशिकी व वनस्पती पैदासशास्त्र किंवा कृषिविद्येत एम.एस्सी., पीएच.डी. आणि संशोधनाच्या जागांसाठी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची परीक्षा.

या जागा मोजक्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र चाऱ्यातलं विशेष शिक्षण पदवीनंतर सुरू होतं. तोवर एमपीएससी, बँकेतलं कृषी अधिकारीपद, बियाणे कंपनी, मुरघासाचा व्यवसाय, 'बाएफ'सारख्या संस्था, हे सगळे पर्याय खुले राहतात.

म्हणून पालकहो, बारावीलाच आयुष्याचा निकाल लावू नका. येत्या सुट्टीत मुलीला, मुलाला जवळच्या कृषी विद्यापीठाचं चारापिकांचं प्रक्षेत्र दाखवा आणि तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलू द्या. त्यानंतरही आवड टिकली, तर खुशाल पाठवा.