रंग नसलेल्या शाईचा काळा नकाशा

एखादी लग्नपत्रिका किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ खिडकीपाशी तिरपे धरून पाहा. बाकीचा कागद मंद दिसतो. पण एखादे नाव किंवा फूल तेवढे चकाकते. बोट फिरवले तर ते किंचित उंचही लागते. रंगीत छपाई झाल्यावर तेवढ्याच जागी पारदर्शक वार्निशचा जाड थर दिलेला असतो. हा थर कोठे द्यायचा हे छापखान्याला सांगणारी फाइल कशी तयार करतात, ते आपण पाहू.

प्रथम चकाकीचे कारण पाहू. कागदाचा पृष्ठभाग तंतूंमुळे खडबडीत असतो. त्यावरून प्रकाशाचे अनियमित परावर्तन होते. वार्निशचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असतो. त्यावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच परावर्तित होतो. पण तो एकाच दिशेने जात असल्यामुळे डोळ्यांत भरतो.

आता उठाव. हे वार्निश हवेने सुकत नाही. त्यावर अतिनील किरण पडताच त्यातील लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन बहुवारिक तयार होते आणि क्षणार्धात द्रवाचा घन होतो. उडून जाणारा द्रावक त्यात जवळजवळ नसल्यामुळे थराची जाडी टिकते.

वार्निश देण्याची एक जुनी व आजही वापरात असलेली रीत म्हणजे जाळीची छपाई. चौकटीत ताणलेल्या बारीक जाळीवर प्रकाशाने कडक होणारा लेप देतात. त्यावर नकाशाची पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश पाडतात. जेथे फिल्म काळी असते, तेथे प्रकाश अडतो, लेप मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. जाळी तेवढीच मोकळी होते आणि तिच्यातून वार्निश कागदावर उतरते. म्हणून या फाइलमधील काळ्या रंगाचा अर्थ ‘काळी शाई’ असा नसून ‘येथे वार्निश हवे’ असा असतो.

एवढे समजले की फाइलचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिला नियम : नकाशा १०० टक्के काळा असावा. करडी छटा छपाईत बारीक ठिपक्यांनी दाखवतात. वार्निशचे असे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठभाग ओबडधोबड होतो.

दुसरा : आकृती भौमितिक रेषांनी काढलेली असावी. लहान चौकटींनी बनलेले चित्र मोठे केले, तर कडा पायरीसारख्या दिसतात. चकाकीमुळे हा दोष अधिकच उघडा पडतो.

तिसरा : रंगीत छपाईच्या चार रंगांशिवाय वार्निश हा स्वतंत्र पाचवा रंग म्हणून नोंदवावा आणि तो ‘खालच्या रंगावर छापा’ अशी सूचना द्यावी. ती दिली नाही, तर संगणक वार्निशखालचा रंग काढून टाकतो. मग लाल फुलाच्या जागी चकाकणारा पांढरा कागद उरतो!

चौथा : नकाशा मूळ चित्राच्याच मापाचा आणि त्याच जागी असावा. तरीही दमट हवेत कागद किंचित पसरतो आणि थर थोडा सरकतो. म्हणून अगदी बारीक अक्षरांवर नेमके वार्निश बसवण्याचा हट्ट धरू नये.

पाचवा : घडीची रेषा आणि गोंद लावायची पट्टी मोकळी ठेवावी. घडीवर कडक थराला तडा जातो आणि चकचकीत थरावर गोंद नीट धरत नाही.

शोभेच्या कामात चूक झाली, तर पत्रिका विद्रूप दिसेल, एवढेच. पण याच वार्निशने ब्रेल लिपीही छापतात. पारदर्शक ठिपके साध्या मजकुरावरच बसतात आणि एकच पान डोळस व अंध दोघेही वाचू शकतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशाने औषधाच्या वेष्टनावर त्याचे नाव ब्रेलमध्ये देणे बंधनकारक झाले. खोक्यांवर असे ठिपके बहुधा दाबून उठवतात; बाटलीच्या चिठ्ठीवर वार्निशचे ठिपकेही वापरतात. फाइलमध्ये काळे वर्तुळ काढलेले असते आणि पृष्ठताणामुळे त्या जागी वार्निशचा लहानसा घुमट तयार होतो.

ब्रेलच्या घरात सहा ठिपक्यांच्या जागा असतात : डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. भारती ब्रेलमध्ये ‘ह’ म्हणजे १, २, ५. त्यातील पाचवा ठिपका उमटला नाही, तर उरतात १ आणि २, म्हणजे ‘ब’. ‘हार’चा ‘बार’ झाला! फिल्म उलटी ठेवली गेली, तर १, २, ५ चे ४, ५, २ होतात, म्हणजे ‘ज’. डोळस माणसाला पारदर्शक ठिपक्यांतील ही चूक सहसा दिसत नाही. वाचणाऱ्या बोटाला मात्र ती चुकीचे अक्षर सांगते. म्हणून छपाईपूर्वी नकाशाची फिल्म रंगीत नमुन्यावर ठेवून एकेक ठिपका तपासावा आणि पहिली प्रत ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी.

करून पाहा : जाड कागदावर पेन्सिलीने ‘ह’चे तीन ठिपके काढा. शेजारच्या ठिपक्यांच्या केंद्रांत अडीच मिलिमीटर अंतर ठेवा. काडीच्या टोकाने प्रत्येकावर पांढऱ्या गोंदाचा थेंब ठेवा. थेंब एकमेकांत मिसळतात का? दुसऱ्या दिवशी त्यांची उंची कमी झालेली दिसेल, कारण गोंदातील पाणी उडून गेले. आता डोळे मिटून बोट फिरवा. वार्निश घट्ट करायला हवेऐवजी अतिनील किरण का वापरतात, याचे उत्तर तुमच्या बोटालाच मिळेल.