खाऊ घालूनही बाळ अंगाला धरत नसेल तर : गव्हाचा त्रास ओळखूया



गटाच्या बैठकीत मुलांच्या वजनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “ताई, खाऊ तर भरपूर घालते, पण पोराच्या अंगालाच लागत नाही.” मग कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं जंत झाले, कुणी म्हणतं दात येतायत. सासूबाई म्हणतात आईचंच लक्ष नाही. बऱ्याचदा कारण साधंच असतं. आहार कमी पडतो, जुलाब वारंवार होतात, जंत असतात. पण काही मुलांच्या बाबतीत कारण ताटातच असतं आणि ते म्हणजे गहू. अशा मुलाला ताकद यावी म्हणून आपण गव्हाचा शिरा, लापशी, दूध-बिस्किट वाढवत जातो आणि मूल आणखी खंगत जातं. म्हणून या वेळच्या पाठात सिलिॲक नावाचा आजार समजून घेऊ. सोबत अन्नाची ॲलर्जी म्हणजे काय, तेही बघू.

सिलिॲक म्हणजे काय?

गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की ती चिवट होते, पोळी पातळ लाटली तरी फाटत नाही, ते या ग्लुटेनमुळे. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही, म्हणून त्यांची भाकरी गरम पाण्यात पीठ मळून जपून थापावी लागते.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलाच्या धाग्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्नातली ताकद तेच शोषून घेतात. सिलिॲक असलेल्या मुलाने गहू खाल्ला की त्याच्या शरीराची रोगाशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. उंचवटे झिजतात. धागे झिजलेला टॉवेल जसं पाणी टिपत नाही, तसं हे आतडं अन्न टिपत नाही. मग कितीही खाऊ घाला, अंगाला लागणार कुठून?

हा आजार संसर्गाने पसरत नाही. आईच्या दुधाने होत नाही, कुणाच्या करणीने होत नाही. तो होण्याची प्रवृत्ती रक्ताच्या नात्यातून येते. उत्तर भारतात झालेल्या तपासणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आहे. आपल्याकडे पूर्वी रोजची भाकरी होती, पोळी सणावारी. आता रेशनचा गहू, पोळी, बिस्किट, पाव, नूडल्स हे रोजचं झालं आहे. त्यामुळे आपल्यालाही हा आजार माहीत असायला हवा.

गहू आणि हा आजार यांचा संबंध उलगडला तो नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांच्यामुळे. गव्हावर त्यांचा आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे पाव मिळेनासा झाला. सगळी मुलं भुकेने हैराण झाली, पण या आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली.

कोणत्या खुणा दिसतात?

बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं, त्यात गहू येतो. त्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी खुणा दिसू लागतात :

- आठवडेच्या आठवडे पातळ शी. ती फिकट, खूप वास येणारी, तेलकट असते.
- पोट फुगलेलं, पण हात-पाय काडीसारखे, कुल्ले सुकलेले.
- वजन थांबलं किंवा उतरलं. उंचीही वाढत नाही.
- लोहाचं औषध नियमित देऊनही रक्त वाढत नाही.
- मूल किरकिरं, गळून गेलेलं. भूक नाही, मधूनच उलटी.
- काही मुलांना जुलाबाऐवजी बद्धकोष्ठता असते. काहींची फक्त उंचीच खुंटते.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे सिलिॲकच, असं नाही. या खुणा दुसऱ्या आजारांतही दिसतात. पण दोन-तीन खुणा एकत्र असतील आणि नेहमीच्या उपचाराने फरक पडत नसेल, तर तपासणी करायलाच हवी. घरात कुणाला सिलिॲक असेल, किंवा मुलाला लहानपणीच इन्सुलिन लागणारा मधुमेह असेल, तर शंका लवकर घ्या.

तपासणीआधी गहू बंद करू नका

मैत्रिणींनो, या पाठातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. शंका आली की आपल्याला वाटतं, “आधी गहू बंद करून तर बघू.” हेतू चांगला असतो, पण इथेच घोळ होतो.

या आजाराची पहिली तपासणी रक्ताची असते. तिला टीटीजी तपासणी म्हणतात. गव्हामुळे शरीरात तयार झालेले घटक ती शोधते. ती सदोष आली तर बहुतेक वेळा डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा अगदी बारीक तुकडा तपासायला घेतात. गहू आधीच बंद केला असेल तर हे घटक कमी होतात, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही तपासणी “सगळं ठीक” सांगते. मग घरचे म्हणतात, “काही नाही झालेलं, घाल पोळी.” आणि मूल पुन्हा खाली जातं. उलट बाजूही आहे. आजार नसताना मुलाचा गहू आयुष्यभर बंद राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी डॉक्टर, मग तपासणी, मग पथ्य. तपासणी होईपर्यंत गहू नेहमीसारखा चालू. तुम्ही आधीच बंद केला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. परत कधी आणि किती द्यायचा, ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने सुरू करू नका. मूल फारच अशक्त असेल, जुलाब थांबत नसतील, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

जायचं कुठे?

सुरुवात अंगणवाडीपासून करा. मुलाचं वजन-उंचीचं कार्ड सोबत घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतं. पथक येईल तेव्हा हे मूल आवर्जून दाखवा. पण ते यायला वेळ असेल तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. टीटीजी तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, म्हणून आधी विचारून जा.

डॉक्टरांसमोर आपण घाबरून जातो, निम्मं विसरतो. म्हणून घरीच एका कागदावर लिहून ठेवा : शी दिवसातून किती वेळा, किती महिन्यांपासून, गहू कधी सुरू केला, आतापर्यंत कोणती औषधं झाली. आणि सरळ विचारा, “डॉक्टर, हा गव्हाचा त्रास असू शकतो का?” असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

आजार निघाला तर स्वयंपाकघरात काय बदलायचं?

याला रोजचं औषध नाही. गहू, जव आणि राय आयुष्यभर पूर्ण बंद करणं, हाच उपचार. “थोडंसं खाल्लं तर काय होतंय” हे इथे चालत नाही. वरून त्रास दिसला नाही तरी आतडं झिजतच असतं. पथ्य नीट पाळलं तर बऱ्याच मुलांचे जुलाब काही आठवड्यांत कमी होतात, वजन हळूहळू चढतं. आतडं पूर्ण भरून यायला महिने, कधी वर्षंही लागतात.

सुदैवाने आपल्याकडे खायला भरपूर आहे.

*चालतं :* ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, भाज्या, फळं, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे, तूप. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो, हे लक्षात ठेवलं की पटकन सुचतं. पण नुसत्या भात-साबुदाण्यावर मूल भरत नाही. डाळ, अंडं, शेंगदाणा, पालेभाजी सोबत हवीच. सुरुवातीला काही मुलांना दूध पचत नाही. ते बहुतेक तात्पुरतं असतं, डॉक्टरांना विचारून ठरवा.

*चालत नाही :* पोळी, रवा, मैदा, शेवया, लापशी, पाव, बिस्किट, टोस्ट, नूडल्स. खपली गहू हाही गहूच, तोही चालत नाही.

*लपलेला गहू :* इथेच जास्त फसायला होतं. कुरडई गव्हाच्या चिकाची असते. मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. थालीपीठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू घालतात. बाजारच्या डबीतल्या हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून होतात. काही जणी भाकरी नीट थापली जावी म्हणून ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक घालतात, ती आता नको. अंगणवाडीच्या घरपोच आहारात गहू आहे का, ते पाकीट वाचून बघा आणि ताईंना तसं सांगून ठेवा.

पाकिटावर गहू, मैदा, रवा, जव हे शब्द शोधा. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच पाकिटावर “ग्लुटेन फ्री” लिहिता येतं. असा माल महाग असतो, पण तो घेतलाच पाहिजे असं नाही. घरची भाकरी उत्तम.

गिरणी, पोळपाट आणि तेल

गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की ज्वारीच्या पिठात गहू येतोच. पहिलं थोडं पीठ काढून टाकलं तरी भरवसा नाही. घरात जुनं जातं पडलं असेल तर घासून-पुसून ते फक्त या मुलाच्या धान्यासाठी ठेवा. नाहीतर तांदूळ-नाचणी भिजवून, वाटून आंबोळ्या, घावन करा. दुकानातून आणलेल्या ज्वारीत गव्हाचे दाणे असतात, ते निवडून घ्या. मुलासाठी परात आणि पोळपाट वेगळा ठेवा, तवा वेगळा किंवा स्वच्छ घासलेला असू द्या. त्याची भाकरी आधी करा, पोळ्या नंतर. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचा पापड तळू नका.

ॲलर्जी वेगळी, ती ओळखा

सिलिॲकमध्ये नुकसान हळूहळू होतं. ॲलर्जीत खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास दिसतो. अंगावर गांध्या उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. दूध, अंडी, शेंगदाणे, गहू, मासे यांची ॲलर्जी मुलांत दिसते. दुधाची ॲलर्जी बरीच मुलं मोठी होता होता मागे टाकतात.

मुलाचा श्वास अडकतोय, छातीत घरघर होतेय, आवाज बसलाय, जीभ सुजलीय किंवा मूल एकदम मलूल पडलंय, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. मुलाला आडवं ठेवा. श्वासाला त्रास होत असेल तर बसतं धरा. उचलून पळवू नका.

आणखी एक गोष्ट. जुलाबानंतर काही दिवस दूध न पचणं हा ॲलर्जीचा प्रकार नाही. त्यासाठी अंगावरचं दूध तोडू नका. शेजारणीच्या मुलाला अंडं सोसलं नाही म्हणून आपल्या मुलाचं अंडंही बंद करू नका. भीतीपोटी एकेक पदार्थ काढत गेलं की ताटात काहीच उरत नाही.

गट काय करू शकतो?

पथ्य मोडतं ते बहुतेक आईच्या नजरेआड. आजोबा मायेने बिस्किट देतात, लग्नात कुणी पुरी हातात ठेवतं. आई एकटी सगळ्यांना सांगून थकते, वर “हिचे नखरे” असं ऐकून घेते. इथे गटाची खरी गरज आहे.

- आई तपासणीला जाईल तेव्हा एकीने सोबत जा. प्रवास आणि तपासणीसाठी गटातून अंतर्गत कर्ज देता येतं, बैठकीत विषय घ्या.
- घरच्यांना समजावायला दोघी-तिघी मिळून जा. शक्य तर डॉक्टरांचा कागद घेऊन, सासूबाई आणि मुलाचे वडील दोघंही असतील तेव्हा.
- गटाची गिरणी असेल तर गव्हासाठी वेगळी चक्की ठेवता येते का, बघा.
- अंगणवाडी आणि शाळेत खिचडी करणाऱ्या ताईंना हिंग-मसाल्यांबद्दल आधीच सांगून ठेवा.
- मूल एका घरात निघालं तर त्याच्या भावंडांची आणि आई-वडिलांचीही तपासणी करून घ्यायला सांगा. त्यांच्यात हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.

बैठकीत बोलूया

१. आपल्या गटात असं कुणाचं मूल आहे का, ज्याचं वजन तीन महिन्यांत वाढलेलं नाही? कार्ड कधी पाहिलं होतं?
२. तपासणीआधी गहू बंद का करायचा नाही? एकीने आपल्या शब्दांत सांगा.
३. आपल्या घरातल्या कोणकोणत्या पदार्थांत गहू लपलेला आहे? प्रत्येकीने दोन नावं सांगा.
४. १०८ ला कधी फोन करायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर “हो” असेल तर त्या ताईंसोबत कोण, कोणत्या दिवशी दवाखान्यात जाणार, हे त्याच बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.