कापसातील कीडरोधक प्रथिनांचा शोध : एपिटोप खूण आणि प्रतिदीप्त प्रतिपिंडे

लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पांढऱ्या माशीला प्रतिकारक अशा कापसाविषयीचे संशोधन २०१६ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. टेक्टेरिया मॅक्रोडोन्टा या नेच्यातील ‘टीएमए-१२’ या प्रथिनाचे जनुक कापसात घालण्यात आले होते. पानांतील एकूण विद्राव्य प्रथिनांत त्याचा वाटा सुमारे ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजार भागांत एक भाग होता. तरीही बंदिस्त क्षेत्र चाचण्यांत या झाडांनी माशीचा प्रतिकार केला. प्रचलित बीटी कापसातील प्रथिने बोंडअळ्यांसाठी आहेत. रसशोषक किडींवर त्यांचा उपयोग होत नाही. या संशोधनाचे महत्त्व त्यातच आहे.

अशा संशोधनात एक मूलभूत प्रश्न असतो : इतके अल्प प्रथिन झाडात नेमके कोठे आहे? पांढरी माशी पानाच्या अन्नवाहिन्यांतून रस शोषते. तेथे प्रथिन पोहोचले नाही, तर ते अन्य पेशींत असूनही माशीच्या पोटात जाणार नाही. पीसीआर तपासणीने जनुक आहे एवढेच कळते. प्रथिन तयार झाले का आणि कोठे साठले, हे पाहण्यासाठी प्रतिपिंडांचा आधार घ्यावा लागतो.

खूण कशासाठी?

प्रतिपिंड प्रथिनाचा एक ठरावीक लहान भाग ओळखून त्याला चिकटते. या भागास ‘एपिटोप’ म्हणतात. नव्याने सापडलेल्या प्रथिनासाठी प्रतिपिंड तयार नसते. ते बनविण्यास वेळ व खर्च लागतो. यावर १९८४ मध्ये मन्रो व पेलहॅम यांनी उपाय दाखविला : ज्याचे प्रतिपिंड आधीच उपलब्ध आहे, असा छोटा एपिटोप जनुकाच्या पातळीवरच प्रथिनाला जोडावा. आज ‘एचए’ (इन्फ्लुएन्झा विषाणूच्या प्रथिनातील नऊ अमिनो आम्ले) आणि ‘फ्लॅग’ (आठ अमिनो आम्ले) या खुणा जगभर वापरल्या जातात. जनावराच्या कानातील बिल्ल्याप्रमाणे ही खूण प्रथिनाची ओळख पटविते.

चाचणीची रीत

प्रतिपिंडाला चमकणारे रसायन जोडण्याची पद्धत अल्बर्ट कून्स व सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये मांडली. पानाचा पातळ छेद फॉर्माल्डिहाइडने स्थिर करून, त्यातील पेशी प्रतिपिंड आत जाऊ शकेल इतक्या सच्छिद्र केल्या जातात. मग खूण ओळखणारे पहिले प्रतिपिंड आणि त्याला चिकटणारे चमकदार दुसरे प्रतिपिंड दिले जाते. फ्लुरेसीनयुक्त प्रतिपिंडावर निळा प्रकाश टाकला की ते हिरवे चमकते. सूक्ष्मदर्शकाखाली जेथे चमक, तेथे प्रथिन.

फसगतीच्या जागा

पहिली म्हणजे वनस्पतीची स्वतःची चमक. हरितद्रव्य तांबडे चमकते, तर लिग्निनयुक्त पेशीभित्तिका निळी-हिरवी. म्हणून खूण नसलेले झाड आणि केवळ दुसरे प्रतिपिंड दिलेला छेद यांच्याशी तुलना करणे अनिवार्य आहे.

दुसरी म्हणजे खुणेची जागा. प्रथिनाच्या घडीत खूण झाकली गेली, तर प्रथिन असूनही चमक दिसत नाही. शिवाय काही प्रथिने किडीच्या आतड्यात कापली जातात. क्राय१एसीचे पूर्णरूप आतड्यातील विकरांमुळे सुमारे निम्मे होते आणि शेपटाकडील भाग गळून पडतो. खूण त्या शेपटावर असेल, तर चमक दिसेल ती तुटलेल्या तुकड्याची, क्रियाशील प्रथिनाची नव्हे.

प्रयोगशाळेकडून शेताकडे

प्रतिपिंडाचे हेच तत्त्व बीटी तपासणीच्या पट्टीत आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे संच विकसित केले आहेत. येथे मात्र प्रतिपिंड जोडलेल्या खुणेला नव्हे, तर थेट बीटी प्रथिनाला ओळखते. पान द्रावणात चिरडून पट्टी बुडविल्यावर नियंत्रण रेषेबरोबर चाचणीची रेषाही उमटली, तर प्रथिन आहे.

परंतु प्रथिन ‘आहे’ आणि प्रथिन ‘पुरेसे आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. क्राय१एसीचे प्रमाण पानांत अधिक, तर हिरव्या बोंडाच्या सालीत व फुलाच्या बीजांडकोशात कमी आढळले आहे; पिकाच्या वयाबरोबर ते घटतही जाते. याशिवाय कीडच प्रतिकारक्षम झाली, तर प्रथिन असूनही निरुपयोगी ठरते. गुजरातमध्ये २००९ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीत क्राय१एसीविरुद्ध प्रतिकारक्षमता आढळली. पुढे दुसऱ्या प्रथिनाविरुद्धही ती निर्माण झाली. त्या शेतांतील पानांवरही पट्टीची रेषा उमटलीच असती.

विस्तार कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

- पट्टीची रेषा बियाण्याची ओळख पटविते. संरक्षणाची हमी देत नाही.
- नियंत्रण रेषा उमटली नाही, तर चाचणी बाद समजून नव्या पट्टीवर पुन्हा करावी.
- पट्टीचा निकाल काहीही असो, कामगंध सापळे लावावेत, डोमकळ्या शोधाव्यात आणि हिरवी बोंडे फोडून पाहावीत.
- सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, किंवा १० टक्के फुले वा बोंडे प्रादुर्भावग्रस्त आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत.

प्रतिपिंड प्रथिन दाखविते. अळी मेली की नाही, हे बोंड फोडल्यावरच कळते.