पदवी चालेल, पण परवाना?

मे महिन्यात तासगावहून एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले. मुलीला बारावी सायन्सला चांगले गुण, सीईटी दिलेली. वडिलांच्या फाइलमध्ये एका परदेशी विद्यापीठाचं माहितीपत्रक होतं. बसता बसताच त्यांनी विचारलं, "मॅडम, परदेशी विद्यापीठं आता नवी मुंबईतच येतायत. ब्रिटनशी व्यापार करारही झालाय. म्हणजे इथे शिकून ही तिकडे नोकरीला जाऊ शकेल ना?"

प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटने त्यांना "हो" सांगितलं होतं. मला "नाही" म्हणावं लागलं. ते "नाही" नीट समजावायला दीड तास लागला. हाच प्रश्न आता रोज कानावर येतो, म्हणून त्या बोलण्यातलं बरंचसं इथे मांडते.

त्यांच्या एका प्रश्नात तीन प्रश्न होते. पदवीला मान्यता मिळेल का? त्या पदवीवर तो व्यवसाय करायचा परवाना मिळेल का? आणि त्या देशात राहून काम करायचा व्हिसा मिळेल का? या तिन्हींची उत्तरं तीन वेगळी कार्यालयं देतात. एकाने "हो" म्हटलं म्हणून दुसऱ्यावर त्याचं बंधन येत नाही. एजंट तिन्ही एकाच दमात सांगतो आणि पालकांची फसगत तिथेच होते.

शिक्षण व्यापाराच्या करारात कसं आलं, हे थोडक्यात सांगते. १ जानेवारी १९९५ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि त्याबरोबर सेवांच्या व्यापाराचा करार, म्हणजे गॅट्स, लागू झाला. त्यात सेवा देशाबाहेर जाण्याचे चार मार्ग मानले आहेत. परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स घरी बसून केला तर तो पहिला. मुलगी तिकडे शिकायला गेली तर दुसरा. विद्यापीठच इकडे आलं तर तिसरा. आणि प्राध्यापक इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे गेले तर चौथा. भारताने सुरुवातीला शिक्षणाबाबत कोणतीही बांधिलकी स्वीकारली नव्हती. २००५मध्ये उच्च शिक्षण खुलं करण्याचा प्रस्ताव दिला. संघटनेच्या २०१५च्या नैरोबी परिषदेआधी त्यावरून दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. ज्या वाटाघाटींत तो दिला होता ती दोहा फेरीच तडीस गेली नाही, त्यामुळे तो प्रस्ताव बंधनकारक झाला नाही. आज परदेशी विद्यापीठांना आपलं दार उघडलं आहे ते यूजीसीने नोव्हेंबर २०२३मध्ये केलेल्या आपल्याच नियमांनी.

त्या नियमांनंतर साउदॅम्प्टन विद्यापीठाने ऑगस्ट २०२५मध्ये गुरुग्रामला वर्ग सुरू केले. गुजरातच्या गिफ्ट सिटीचे नियम वेगळे आहेत. तिथे ऑस्ट्रेलियाचं डीकिन २०२४पासून शिकवतंय. जून २०२५मध्ये मुंबईत पाच संस्थांना इरादापत्रं देण्यात आली: अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी. इरादापत्र म्हणजे सुरू झालेला वर्ग नव्हे. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी इमारत, शिक्षक आणि पहिल्या तुकडीची तारीख यांची चौकशी करणं हा तुमचा हक्क आहे. तो संकोच न करता बजावा.

नियमांतल्या चांगल्या गोष्टीही सांगते. यूजीसीच्या मान्यतेने इथे सुरू झालेल्या कॅम्पसची पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाने मिळते, ती तिथल्या पदवीइतकीच मानली जाते आणि भारतात तिच्यासाठी वेगळं समकक्षता प्रमाणपत्र काढावं लागत नाही. कोर्स मध्येच बंद पडला तर विद्यार्थ्यांना पर्याय देण्याची जबाबदारी त्या विद्यापीठावर आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी "हो" असं आहे.

पण फी आणि प्रवेशाचे निकष ती विद्यापीठं स्वतः ठरवतात. तासगावच्या या घराचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत होतं आणि त्यांच्याकडे ओबीसी प्रमाणपत्र होतं. महाराष्ट्रात २०२४-२५पासून अशा ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींनी कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. परदेशी कॅम्पस कॅपच्या बाहेर आहेत, तिथे ही सवलत लागू नाही. वडिलांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. एका बाजूला जवळपास विनाशुल्क इंजिनिअरिंग, दुसऱ्या बाजूला जमिनीवर काढायचं कर्ज. हा हिशेब माहितीपत्रक उघडण्याआधी व्हायला हवा होता.

आता व्हिसा. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करायची मुभा, ब्रिटनमध्ये राहून विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांसाठी आहे. ब्रिटिश विद्यापीठाची पदवी नवी मुंबईत बसून घेतली, तर ही मुभा मिळत नाही. ऑस्ट्रेलियाचंही तसंच, ठरावीक काळ तिथे शिकावंच लागतं. जे तिकडे जाऊन शिकतील त्यांच्यासाठीही जमीन सरकते आहे. ब्रिटनची ही मुदत पदवी आणि मास्टर्ससाठी दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीड वर्षाची होईल. जुलै २०२५मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात योगशिक्षक, शेफ आणि शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला १,८०० जणांसाठी जागा ठेवली आहे. शिक्षणानंतरच्या व्हिसाची हमी त्यात नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात मात्र ती लिहिलेली आहे. २९ डिसेंबर २०२२पासून तो लागू आहे आणि तिथे मास्टर्स केलेल्या भारतीयाला तीन वर्षांपर्यंत राहता येतं. ऑस्ट्रेलियाने २०२४मध्ये इतर देशांच्या विद्यार्थ्यांसाठी मुदती कमी केल्या, तेव्हा भारतीयांची ही सोय टिकली ती करारात होती म्हणूनच. त्यामुळे कुठलाही देश निवडताना मी हेच विचारते: ही सवलत करारात आहे की त्या देशाच्या चालू धोरणात? धोरण असेल तर तुमचं मूल पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत ते बदलू शकतं, असं धरूनच कर्जाचा आकडा ठरवा.

परवान्याच्या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, कारण तिथे मी मुलांना रडताना पाहिलंय. जुलै २०२२मध्ये भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या पदव्या मानण्याचा समझोता केला. त्यामुळे ब्रिटनमधली एका वर्षाची मास्टर्स इथे मान्य झाली. त्याआधी ती अडत असे. मात्र इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग आणि निमवैद्यकीय शिक्षण, फार्मसी, कायदा आणि वास्तुशास्त्र या व्यावसायिक पदव्या त्या समझोत्याच्या बाहेर ठेवल्या आहेत. बातमीचा मथळा वाचणाऱ्याला हे वाक्य दिसत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इथे बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून ब्रिटनला फिजिओथेरपीत एका वर्षाची मास्टर्स करायला गेली. मास्टर्स झाली की रुग्ण तपासता येतील, असं तिला सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात तिथे एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते, आणि बीपीटी झालेल्यांच्या पुढच्या अभ्यासाची ती मास्टर्स नोंदणी मिळवून देत नाही. तिला तिच्या बीपीटीचाच अभ्यासक्रम, तास आणि क्लिनिकल अनुभव कागदोपत्री मांडून वेगळा अर्ज करावा लागला. इथून कागद मिळवण्यात महिने गेले. कर्जाचे हप्ते सुरू व्हायची वेळ आली तेव्हा ती एका दुकानात काम करत होती. ती हुशार होती, मेहनती होती. नोंदणी हा वेगळा टप्पा आहे, एवढी एकच गोष्ट तिला जाण्याआधी कळायला हवी होती.

उलट दिशेनेही तेच. परदेशात एमबीबीएस करून इथे परतणाऱ्यांसाठी भारताचे नोव्हेंबर २०२१चे नियम सांगतात की अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीला पात्र ठरायला हवं. यातलं एक जरी हुकलं तरी इथला परवाना अडतो. पुन्हा इथून बाहेर जाणाऱ्यांकडे येऊ. जर्मनीने २०२४मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांचा वार्षिक आकडा २०,००० वरून ९०,००० केला, ही बातमी खरी. पण नर्सिंगच्या मुलीला तिथे आधी पदवीची पडताळणी आणि साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते. भाषेला दीड-दोन वर्षं द्यायची तयारी असेल तर तो रस्ता मला आजही पक्का वाटतो.

एव्हाना वडील गप्प झाले होते. घरी काय पिकतं, असं मी सहज विचारलं. तासगाव म्हटल्यावर उत्तर ठरलेलंच, द्राक्षं आणि बेदाणा. मग बोलणं वेगळ्याच दिशेला गेलं. व्यापार मोकळा होतो तेव्हा कामं इथेही तयार होतात आणि त्याकडे करिअर म्हणून फार कमी लोक पाहतात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक बागेची अपेडा या निर्यात विकास संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंद होते, मालाचे नमुने कीटकनाशकांच्या अंशांसाठी तपासले जातात. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. वडिलांना तो हंगाम आठवत होता, त्यांच्या भावाचं नुकसान झालं होतं. त्या तपासणीमागे अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री शिकलेली माणसं असतात. आयात शुल्क कमी झालं की माल कुठला हे सिद्ध करण्याचे नियम, प्रमाणपत्रं आणि वाद वाढतात. ते हाताळायला कस्टम्स ब्रोकर लागतात, व्यापार कायदा जाणणारे वकील लागतात, अन्न तंत्रज्ञ लागतात. दिल्लीच्या आयआयएफटीसारखी संस्था परदेश व्यापाराच्या शिक्षणासाठीच आहे. या कामांना ब्रिटनचा व्हिसा लागत नाही.

मुलगी तासभर काहीच बोलली नव्हती. आता तिने पहिला प्रश्न विचारला, "ती तपासणी होते कुठे?" मी तिला पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं नाव सांगितलं, अंशतपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथे आहे. तिने ते वडिलांच्या फाइलवर, माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. विद्यापीठाला विचारायचे तीन प्रश्न वडिलांनी त्याच्याखाली लिहिले. त्यातल्या पहिल्याचं उत्तर दोन दिवसांत आलं. व्हिसा आणि परवान्याच्या उत्तरांची ते अजून वाट पाहत आहेत. कॅपचा ऑप्शन फॉर्म मात्र मुलीने भरला आहे.